एकादश्याचं औषध

"मावशी, ह्या डब्याला झाकणच नाही. सगळीकडून नुसता पत्रा," मी म्हणालो.

"मंग आत भरलं कसं?" झुंबरमावशींनी विचारलं.

प्रश्न बिनतोड होता. आमचा गुरांचा दवाखाना म्हणजे दोन खणांची खोली आणि पुढे ओटा. हत्यारं कपाटभर, पण सगळी बैलाच्या मापाची. शेवटी मी खूर तासायची सुरी काढली, डबा दोन पायांत धरला आणि वरून दगडाने ठोकत ठोकत पत्रा अर्धवट फाडला. आतून जो वास आला, त्याने माझे सात पिढ्यांचे पूर्वज शहारले असतील. मी यज्ञेश्वर कंपाउंडर, शेणामुताच्या वासात बारा वर्षं काढलेला माणूस. पण आमच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा येत नाही. मी नाकाला पंचा लावला आणि तोंड फिरवलं.

मावशींच्या पायाशी पडलेल्या कुत्र्याने मात्र मान वर उचलली. आठ दिवसांत आपणहून मान उचलली ती आत्ताच, असं मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी पदराने डोळे पुसले. मग त्यांनी माझ्या हातातून डबा घेतला.

हे त्र्याहत्तर सालचं, आषाढातलं. दुष्काळ नुकता उठला होता. गावात गवत आलं होतं, पण ते खायला गुरं नव्हती. निम्मी छावणीत मेली होती, उरलेली बाजारात गेली होती. दूध पावशेर मिळालं तरी लोक लग्नाची बातमी सांगावी तसं सांगत. माझ्या दवाखान्यालाही काम नव्हतं. डॉक्टर सुमंत नेवाशाहून मंगळवारी आणि शनिवारी येत, बाकीचे दिवस मीच ओटा झाडून बसायचो.

त्यांनीच ती डब्यांची पेटी आणली होती. नगरला कॅम्पात कुणी लष्करी साहेब परदेशातून बदलून आले होते. येताना आपल्या म्हाताऱ्या कुत्र्यासाठी खाण्याचे डबे घेऊन आले. कुत्रं इथे पोचून महिन्याभरात गेलं आणि डबे उरले. साहेबांना ते डोळ्यांपुढे नको झाले, म्हणून त्यांनी डॉक्टरांच्या गळ्यात मारले. डॉक्टरांनी माझ्या. "कुणाचं म्हातारं कुत्रं असेल तर बघ," म्हणाले. आता गावाकडे म्हाताऱ्या माणसाला कोणी विचारत नाही, तिथे कुत्र्याला कोण विचारणार? पण एक कुत्रं असं होतं की ज्याला पंचक्रोशी विचारत होती.

त्याचं नाव एकादश्या. रंगनाथबुवांचं कुत्रं.

रंगनाथबुवा म्हणजे आमच्या गावचे विणेकरी. आठ एकर बाजरीची जमीन, गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. माणूस सरळ, पण एका बाबतीत त्यांच्या मिशीला पीळ होता. त्यांचं कुत्रं एकादशीला अन्नाला तोंड लावत नसे. ही थाप नव्हती. शेजारच्या पुंजारामने, म्हणजे गावच्या अस्सल टवाळाने, स्वतः परीक्षा घेतलेली. एकादशीला ताजी भाकरी त्याच्यापुढे टाकली. कुत्र्याने हुंगली, जांभई दिली आणि त्या भाकरीकडे पाठ करून झोपलं. मग दर एकादशीला कुणी ना कुणी भाकरी घेऊन यायचं आणि हात जोडून परत जायचं. एका सप्ताहात कीर्तनाला आलेल्या महाराजांनी भर मांडवात त्याच्या गळ्यात तुळशीची माळ घातली. पुढे महाराज जिथे जिथे कीर्तन करीत, तिथे तिथे आमच्या गावचं कुत्रं दृष्टांतात येई. नेवाशाच्या बाजारात लोक बुवांना ओळखत ते त्याच्यामुळे. "कुत्र्याचं बुवा ना तुमी?" असं विचारलं की बुवा लाजत आणि सुखावत.

आता तो तेरा वर्षांचा झाला होता. तोंडात चार दात, डोळ्यांत मोतीबिंदू, बरगड्या मोजून घ्याव्यात. बाजरीची भाकरी त्याला फोडवेना. आणि म्हणून झुंबरमावशी, बुवांची बायको, पहाटे त्याला काखोटीला मारून माझ्या ओट्यावर आल्या होत्या.

डब्यावरचा कागद मी दोन दिवस डिक्शनरी घेऊन वाचला होता. मावशींनी पहिल्यांदा चित्र पाहून विचारलं, "ह्यात कुत्रं हाय का कुत्र्याचं हाय?"

"कुत्र्याचं आहे. वय झालेल्या, दात पडलेल्या कुत्र्याचं. भात आहे, सातू आहे, मीठ बेताचं."

"आन् वास कशाचा येतोय?"

मला वाटलं, औषध म्हणून सांगावं आणि मोकळं व्हावं. पण बाई माझ्या आईच्या वयाची. खोटं बोलवेना.

"कोंबडी आहे, मावशी. आणि कलेजी."

त्यांनी कुत्र्याच्या गळ्यातली माळ हळूच डोक्यावरून काढली, माझ्या दाराच्या खिळ्याला अडकवली, बोटांनीच आतला लगदा काढून त्याला भरवला, त्याचं तोंड ओल्या फडक्याने पुसलं, चूळ भरवल्यासारखं पाणी पाजलं आणि माळ परत घातली. ह्या सगळ्यात त्यांचा हात इतका सराईत होता की मला शंका आली.

"मावशी, हे पहिल्यांदाच का?"

"मांस पहिल्यांदाच. इठ्ठलाची आन." मग इकडेतिकडे पाहून म्हणाल्या, "एकादशीचं इचारू नका."

अर्थात मी विचारलंच. कंपाउंडरचा जन्म दुसऱ्याचं दुखणं विचारण्यात जातो. तेव्हा मावशींनी जे सांगितलं, ते ऐकून मला आधी हसू आलं. बुवा रोज पहाटे काकड्याला देवळात जात. एकादशीच्या पहाटे ते उंबऱ्याबाहेर पडले की मावशी दशमीच्या रात्रीची झाकून ठेवलेली भाकरी काढीत, पाण्यात कुस्करीत आणि कुत्र्याला पोटभर घालीत. दोन भाकरी पोटात गेलेलं कुत्रं पुंजारामच्या भाकरीकडे कशाला बघेल?

"पिल्लू हुतं ओ तवा. कुईकुई करायचं. त्याला काय कळती एकादस? मी म्हनलं, ह्यांना कुठं कळतंय. तर हे गावभर सांगून आले, माझं कुत्रं उपास करतंय. मंग मी तोंड कसं उघडू? एवढं हसू हुतं त्यांच्या तोंडावर."

"आणि तुम्ही स्वतः?"

"मी करते की उपास. चौदाव्या वर्षी ह्या घरात आले. आमच्या माहेरी उपासबिपास न्हाई. पहिल्या एकादशीला दुपारच्याला मला राहावंना, म्हनून डब्यातलं बाजरीचं कोरडं पीठ तोंडात कोंबलं. घशाला बसलं. सासूनं बघितलं, तोंडाला पीठ. चार बायांत सांगितलं तिनं. तवापासून न्हाई खाल्लं."

"मग आता सवय झाली असेल."

"भुकेची सवय हुती व्हय, भाऊ?" मावशी म्हणाल्या आणि कुत्र्याला उचलून घराकडे गेल्या.

डबे माझ्याकडेच राहिले. वरचे कागद मी सोलून टाकले. उघडलेला डबा मी दवाखान्यातल्या माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवायचो, वर परात. बायकोला सांगितलं, सरकारी औषध आहे, हात लावू नकोस. शनिवारी डॉक्टर आले, त्यांनी कुत्रं तपासलं आणि मावशींना समोर बसवून सांगितलं, "म्हातारपणी पोट लहान होतं. एकदम भरपूर दिलंत तर ओकेल, आणि दिवसभर काही नाही दिलंत तर चक्कर येऊन पडेल. चार वेळा द्या, थोडं थोडं. मऊ. वेळ चुकवू नका." मावशींनी ते मंत्रासारखं दोनदा म्हणून दाखवलं. पंधरा दिवसांत एकादश्या आपल्या पायांनी चालत दवाखान्यात यायला लागला. बुवा मला रस्त्यात थांबवून म्हणाले, "यज्ञेसर, तुमचं औषध लई गुनाचं." मी कसंनुसं हसलो.

मध्ये एक एकादशी गेली. ती मावशींनी मागच्या दाराने, तुळशीवृंदावनाआडून, गुपचूप चार वेळा भरवून निभावली. पण श्रावणातली आली ती सप्ताह घेऊन.

दोन वर्षं दुष्काळात सप्ताह साधाच झाला होता. यंदा गावाने हौसेने मांडव घातला, बरोबर माझ्या दवाखान्यासमोर, देवळापुढच्या पटांगणात. महाराज आले आणि त्यांनी आल्या आल्या विचारलं, आमचा भक्त कुठे आहे? ठरलं असं की एकादशीला सकाळपासून एकादश्याला मांडवात व्यासपीठापाशी बसवायचं. परगावचे लोक दर्शनाला येणार. बुवांनी त्याला आदल्या दिवशी स्वतःच्या हाताने आंघोळ घातली.

मावशी संध्याकाळी माझ्याकडे आल्या. "दिवसभर मांडवात, भाऊ. माझ्याच्यानं त्याला बाहेर कसं आनवंल?"

मी म्हणालो, "एक दिवस जाईल रेटून." मी असं म्हणालो हे कबूल केलं पाहिजे. मला गावात राहायचं होतं, आणि डबा माझ्या माठाखाली होता. मावशी वळून घरी गेल्या.

एकादशीला पहाटे त्यांनी त्याला खाऊ घातलं. मग तो मांडवात गेला. दहा वाजता लोकांनी त्याला हार घातला. दुपारी प्रवचन सुरू झालं. बुवांचा पहारा होता. सप्ताहात वीणा जमिनीला टेकत नाही, सात दिवस कुणाच्या तरी गळ्यात राहते. दुपारी ती बुवांच्या गळ्यात होती आणि ते खांबापाशी उभे होते. मी माझ्या ओट्यावरून सगळं बघत होतो.

महाराजांनी पत्रावळीवर भाकरी आणवली आणि एकादश्यापुढे ठेवली. तो आशेने पुढे सरकला. हुंगली. ती बाजरीची कडक भाकरी त्याच्या चार दातांना काय फुटणार? त्याने एकदा चाटली आणि तोंड मागे घेतलं. मांडवात टाळ्या पडल्या. बुवांचा चेहरा असा फुलला की मला त्यांच्याकडे बघवेना.

थोड्या वेळाने कुत्र्याचे पुढचे पाय थरथरायला लागले. मान खाली गेली, परत वर आली, परत खाली गेली. मग तो कुशीवर कलंडला.

"पाहा," महाराज म्हणाले, "मुकं जनावर नामात कसं रंगून गेलं."

लोकांनी हात जोडले. कुणीतरी म्हणालं, समाधी लागली. आणि बायकांच्या घोळक्यातून झुंबरमावशी उठल्या. सभेत कधी डोक्यावरचा पदर न हललेली बाई. त्या माणसांच्या रांगांमधून वाट काढीत व्यासपीठापाशी गेल्या, महाराजांना नमस्कार केला, हार बाजूला काढून कुत्र्याला उचललं आणि मांडवातून बाहेर पडल्या. रस्ता ओलांडून सरळ माझ्या ओट्यावर आल्या.

"भाऊ, डबा आना."

"मावशी, सगळं गाव बघतंय. आत तरी चला."

"आत नगं. तेरा वरसं आतच चाललंय. त्या देवाच्या मांडवात नको म्हनून हितं आनलंय, एवढंच."

मी डबा आणला. त्यांनी सगळ्यांसमक्ष कुत्र्याच्या गळ्यातली माळ काढून खिळ्याला अडकवली. माळ काढल्यावर डब्यात काय आहे ते गावाला वेगळं सांगावं लागलं नाही. मांडवात जी कुजबूज उठली ती मला ओट्यावर ऐकू आली. मावशी मांडी घालून बसल्या, कुत्र्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि बोटावर थोडं थोडं घेऊन त्याच्या जिभेला लावू लागल्या. तिसऱ्या बोटाला त्याने जीभ हलवली.

तिकडे बुवांनी वीणा उतरवली. घाई केली नाही. दुसऱ्या विणेकऱ्याला पुढे बोलावलं, त्याच्या गळ्यात वीणा दिली, रीतीप्रमाणे दोघे एकमेकांच्या पाया पडले, आणि मग बुवा रस्ता ओलांडून आले. मागे पुंजाराम आणि दहाबारा माणसं. मला वाटलं, आता हे बाईवर हात टाकणार, आणि आपल्याला मध्ये पडावं लागणार. पण बुवा ओट्याच्या पायरीशी थांबले.

"कवापासून चाललंय ह्ये?"

"डबा म्हनता का उपास?" मावशींनी मान वर केली नाही.

"उपास."

"पहिल्या एकादशीपासून. तुमी काकड्याला गेला की मी त्याला भाकरी कुस्करून द्यायची. त्याचं पोट भरलेलं असायचं."

"एक बी एकादस त्यानं..."

"एक बी न्हाई."

मागून पुंजाराम म्हणाला, "म्हंजी आमी तेरा वरसं जेवलेल्या कुत्र्याच्या पाया पडत हुतो." दोघेतिघे हसले. बुवांनी ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांची नजर मावशींच्या बोटांवर होती.

"आन् तू?" त्यांनी विचारलं.

"मी काय?"

"तू बी खात हुतीस का त्याच्याबरूबर?"

"न्हाई."

"का? भाकरी तर हातात हुती."

मावशींनी बोट डब्याच्या काठावर पुसलं. "त्याला खाऊ घालाय मी हुते. मला खा म्हनाय कोन हुतं?"

रागाने नाही म्हणाल्या. घरातलं मीठ संपलंय, असं सांगावं तसं म्हणाल्या. मी खाली बघितलं. सासू जाऊनसुद्धा वीस वर्षं झाली होती.

मांडवात महाराजांनी लोकांना आवरायला गजर सुरू केला होता. मग बुवा वळले आणि म्हणाले, "पुंजाराम, तुझी शेळी दूध देती ना? अर्धा पेला आन जा."

"कुनासाठी?"

"माझ्या कुत्र्यासाठी. उपाशी हाय सकाळधरनं."

पुंजाराम टवाळ असला तरी माणूस होता. तो गेला आणि पेला भरून घेऊन आला. बुवा पायरी चढून वर आले, खाली बसले आणि त्यांनी कुत्र्याची मान दोन्ही हातांनी धरली, म्हणजे मावशींना दूध पाजता यावं.

महाराजांनी गावावर राग धरला नाही, पण पुढे त्यांच्या दृष्टांतात कुत्र्याच्या जागी गजेंद्र आला. नेवाशाच्या बाजारात लोक काही दिवस बुवांना बघून भुंकायचे. बुवा भाजी घेऊन घरी यायचे. माझ्या खिळ्यावरची माळ चार दिवसांनी त्यांनी नेली आणि प्रवरेत सोडली. त्यांनी मला विचारलं ते एवढंच, "डबे किती दिस पुरतील?"

डबे भाद्रपदात संपले. मग डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मऊ भात आणि अंडं. ते अंडं मी, यज्ञेश्वर कंपाउंडर, इंजेक्शनच्या सुया उकळायच्या भांड्यात उकडून द्यायचो. माझ्या वडिलांना हे शेवटपर्यंत कळलं नाही. एकादशीला मावशींचा उपास असायचा, म्हणून त्या दिवशी कुत्र्याचा भात बुवा स्वतः शिजवायचे. कधी करपवायचे, कधी कच्चा ठेवायचे. कुत्रं तक्रार करत नसे. मावशी भिंतीला टेकून बसायच्या आणि आग कमी करा, जास्त करा, एवढं सांगायच्या.

एकादश्या दसऱ्याच्या सकाळी गेला. उन्हात निजला होता तो तसाच गेला. बुवांनी त्याला विहिरीजवळच्या बांधाला पुरलं. त्या दिवशी गावात सोनं लुटण्याची गडबड, म्हणून मला जायला जमलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. एकादशी होती. म्हटलं, दोघंच असतील, चार शब्द बोलून यावं.

दारातच चुलीचा धूर आला. आत डोकावून बघतो, तर बुवा चुलीपुढे बसलेले. धोतराचा सोगा खोचलेला, कोपरापर्यंत पीठ, कपाळावरच्या बुक्क्यावर घाम. परातीत भाकरी थापत होते. भाकरी एका बाजूला जाड, एका बाजूला फाटलेली. ती त्यांनी कशीबशी तव्यावर टाकली आणि हात पोळला तसे फुंकर मारीत बसले.

मावशी नेहमीसारख्या भिंतीला टेकून होत्या. त्यांना वाटलं, सवयीने झालं असेल. हळू आवाजात म्हणाल्या, "अवो, ते न्हाई आता. कुनासाठी करताय?"

बुवांनी भाकरी चुलीच्या कडेला उभी करून शेकली. पितळी पुसून घेतली, तीत भाकरी ठेवली, बाजूला चिमूटभर मीठ आणि कांदा फोडून. पितळी घेऊन उठले आणि मावशींच्या पुढ्यात आणून ठेवली.

"खा," ते म्हणाले.

मावशी भाकरीकडे बघत राहिल्या. मी आलोय हे त्यांच्या ध्यानातही नसावं. बुवा तिथेच समोर उकिडवे बसले, पिठाचे हात गुडघ्यांवर ठेवून. त्यांचा स्वतःचा उपास होता. मी उंबऱ्यात उभा राहिलो, आत जावं की परत फिरावं ते सुचेना.

शेवटी मावशींनी हात पुढे केला, कडेचा एक तुकडा मोडला, तोंडात घातला आणि सावकाश चावला.

"जाड झालीया," त्या म्हणाल्या, आणि सगळी खाल्ली.